पहिल्या ओळीतली चूक

मी पहिला धडा बोलतोय. पाठ्यपुस्तकातला नव्हे. मला कागद नाही, नव्या पुस्तकाचा वास नाही, आणि माझा कोपरा अजून कुणी दुमडलेला नाही. पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा मराठीतून फुकट शिकवणारी बारा धड्यांची एक मालिका इंटरनेटवर आहे, त्या बारा भावंडांतला मी थोरला.

माझ्या दारात आजवर लाखभर माणसं येऊन गेली. एक जानेवारीला तर माझ्याकडे जत्रा असते. गुढीपाडव्यालाही बरी गर्दी होते. येणारा प्रत्येक जण बाह्या सरसावून येतो, वहीला नवं कव्हर घालतो, पेनाला टोपण आहे का बघतो आणि चौथ्या मिनिटाला चहा टाकायला उठतो. दुसऱ्या धड्यापर्यंत त्यातले निम्मेही पोचत नाहीत. बारावा धडा सगळ्यात चांगला शिकवतो म्हणे. खात्री करून घ्यायला अजून फारसं कुणी तिकडे फिरकलेलं नाही.

माझा जन्म विश्रांतवाडीचा. आम्रपाली मॅडम तिथे एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. मराठी शाळेतून आलेल्या हुशार मुली वर्गात मान खाली घालून बसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. एके काळी त्याही तशाच बसल्या होत्या. म्हणून एका मे महिन्यात त्यांनी झोपायच्या खोलीत मोबाइल उशांवर उभा केला, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं आणि मला रेकॉर्ड केलं. चौथ्या मिनिटाला मागे कुकरची तिसरी शिट्टी ऐकू येते. माझ्याखाली लोक अजून विचारतात, “मॅडम, वरण शिजलं का?”

इतक्या लोकांत मला घर म्हणावं असं एकच मिळालं, धायरीतलं. यज्ञेश्वर आणि नीरजा यांचं.

यज्ञेश्वर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मला उघडलं त्या रविवारी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोच्या आरशावरची एक टिकली आणून चिकटवली. कुणी आपल्याला बघू नये म्हणून. धायरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हेडक्लार्कला चोरून कोण बघणार होतं, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या टिकलीमुळे मला त्या घरातलं दिसलं कमी आणि ऐकू जास्त आलं.

माझ्या पानावर एक चौकट आहे. तिच्यात आधीच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो, बटण दाबलं की चालतो. यज्ञेश्वरांनी दाबलं, चालला. ते खूश झाले. मग त्यांनी स्वतःची कोरी फाइल उघडून तोच प्रोग्रॅम स्वतः टाइप केला. तो चालला नाही. लाल अक्षरात उत्तर आलं, पहिल्या ओळीत चूक आहे.

पहिल्या ओळीत काय होतं, ते मला शेजारच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होतं.

॥ श्री ॥

तीस वर्षं या माणसाने श्री लिहिल्याशिवाय कागदाला हात लावला नव्हता. टिपण असो, रजेचा अर्ज असो की वाण्याची यादी असो, वर मधोमध श्री. आता फाइल म्हटल्यावर ती काय श्रीशिवाय सुरू करायची? कॉम्प्युटर बापडा पहिलीच ओळ वाचून गांगरत होता. त्याला ही आज्ञा कळेना. आणि यज्ञेश्वरांना त्याचं गांगरणं कळेना. श्रीत चूक असणं शक्यच नसल्यामुळे ते ती ओळ सोडून खाली शोधत. खाली चूक नव्हती. मग ते चष्मा काढून निकाल देत.

“ही बाई नीट शिकवत नाही.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. माझ्या तोंडावर.

पुढच्या रविवारी नवा कोर्स. तोही फुकट. तिथेही नवी फाइल, वर श्री, आणि पहिल्या ओळीत चूक. अशी त्या लॅपटॉपवर एकतीस कोर्सेसची नावनोंदणी झाली. एकाने तर नुसतं नाव घातल्याबद्दल प्रशस्तिपत्र पाठवलं, ते फ्रिजवर लागलं.

“अहो, मतदार यादीत नसेल इतक्या ठिकाणी तुमचं नाव लागलंय,” नीरजाताई म्हणायच्या. त्या सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेत चौथीला शिकवतात.

“फुकट आहे गं. घालून ठेवलं, कुठे बिघडलं?”

“बिघडलं नाही. पण घडलं काय?”

“एक गोष्ट करतोय. चालली की दाखवीन.”

शेवटी यज्ञेश्वरांनी एकदा मुलीला फोन लावला. ओवी हिंजवडीत नोकरी करते. फोन स्पीकरवर होता, पलीकडे कंपनीच्या बसचा घरघराट.

“बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, बसमधूनच. एरर नीट वाचा ना. लाइन नंबर दिलेला असतो.”

“वाचला. एक.”

“मग एक नंबरची लाइन बघा.”

“बघितली. ती बरोबर आहे.”

“बाबा, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.”

“आणि मी बोलतो?”

दोघंही हसले. फोन बंद झाला. ओवीने बरोबर सांगितलं होतं आणि बाबांनी बरोबर बघितलं होतं, तरी ते तसंच राहिलं.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका सकाळी यज्ञेश्वर दूध आणायला निघाले, चपला घालायला दारातल्या स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. लॅपटॉप जुन्या शालीत गुंडाळून कपाटात गेला. त्याच्याबरोबर मीही.

यंदा एका सोमवारी ती शाल सुटली. ओवीने आईला नवा लॅपटॉप आणला होता.

“जुना मी नेते आई. कंपनीत जमा करतायत, शाळांना द्यायला. रविवारी येऊन सगळं पुसते. त्याआधी तुला काही ठेवायचं असेल तर बघून घे.”

“बाबांचं काही आहे त्यात?”

“असेल थोडंफार.” ओवीने शालीची घडी घातली. “त्यांचं चालत नव्हतं गं काही.”

ती गेल्यावर नीरजाताईंनी लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला. मागच्या वेळी उघडी राहिलेली पानं पुन्हा उघडायची का? दोनच बटणं होती, हो आणि नाही. त्या प्रश्नापाशी त्या बराच वेळ बसल्या. मग हो दाबलं आणि दीड वर्षाने मी त्या घरात डोळे उघडले.

शेजारच्या खिडकीत एक फाइल होती, ‘भाजी’ नावाची. तीसेक ओळी, वर श्री. मध्ये भाज्यांची एक यादी, तिच्या मागेपुढे इंग्रजीतल्या काही आज्ञा. नीरजाताईंनी ती चालवून बघितली. पहिल्या ओळीत चूक.

ओवीला फोन केला असता तर दहा सेकंदांचं काम होतं. नंबर लावलाही होता, पण वाजायच्या आत कापला. “चालली की दाखवीन, असं मला म्हणाले होते,” त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या कोण जाणे, “तर मीच चालवते.” रविवारपर्यंत सहा दिवस होते.

मी खूप विद्यार्थी पाहिले, असा नाही पाहिला. रोज दुपारी शाळेतून आल्या की त्या माझ्यासमोर बसत. मी सांगितलेलं वाक्य आधी दुरेघी वहीत लिहीत, खाली पट्टीने रेघ मारत. चौथ्या मिनिटाला शिट्टी झाली की, “बाई, गॅस बंद करा,” असं मॅडमना सांगत. यज्ञेश्वरांची सगळी फाइलसुद्धा त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि सवयीने लाल पेनाने तपासली. यादीत शेपू चार वेळा होता. तीन शेपूंभोवती लाल गोल पडले. “हेडक्लार्क, आणि यादीत दुबार नोंदी!”

बुधवारी त्यांनी स्वतःची पहिली फाइल केली. दोनच ओळी. पहिल्या ओळीत चूक.

मला तेव्हा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण धड्याला ना कपाळ ना हात. या बाईंनीही वर मधोमध श्री लिहिलं होतं.

नवरा-बायकोत फरक इतकाच की बायको शिक्षिका होती. तिने माझ्यावर ठपका ठेवला नाही, प्रश्न विचारला. माझ्याखाली टिप्पण्यांची जागा असते, तिथे लिहिलं, “मॅडम, पहिल्या ओळीत चूक दाखवतो, पण पहिल्या ओळीत काहीच नाही. माझे मिस्टरही इथेच अडले होते.”

तासाभरात विश्रांतवाडीहून उत्तर आलं. “ताई, काहीच नाही म्हणजे काय आहे? जे आहे ते जसंच्या तसं पाठवा.”

ताईंनी पाठवलं.

मग मॅडमनी लिहिलं, “अहो ताई, आमच्या घरी वर श्री लिहायची पद्धत नाही, म्हणून हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. नाहीतर धड्यातच सांगितलं असतं. चूक माझी.”

“मग पुसू का?”

“मुळीच नको. त्याच्याआधी # हे चिन्ह टाका. हॅश म्हणतात त्याला. ते दिसलं की कॉम्प्युटर ती ओळ न वाचता पुढे जातो. ती ओळ माणसांसाठी असते.”

आणखी अर्ध्या तासाने पुन्हा मॅडमच. “मिस्टरांचंही चाललं का?”

नीरजाताईंनी दोनदा काहीतरी लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, “रविवारी बघते.”

स्वतःची फाइल त्यांनी त्याच दुपारी चालवली. यज्ञेश्वरांच्या फाइलला मात्र रविवारपर्यंत हात लावला नाही.

रविवारी ओवी आली ती पेन ड्राइव्ह घेऊनच. “झालं तुझं? पुसायला घेऊ?”

“बस जरा. दोन मिनिटं.”

“आई, तू कोडिंग करतेयस?”

“नाही, पापड लाटतेय. बस.”

श्रीच्या आधी # पडलं. बटण दाबलं. ओवी पडद्याकडे वाकली आणि पहिली ओळ बघून तशीच राहिली. “लाइन वन,” ती हळूच म्हणाली. “मी त्यांना फोटो पाठवा म्हणाले असते तरी...”

“तू बरोबरच सांगितलं होतंस,” नीरजाताई म्हणाल्या. “आता नववी ओळ म्हणतोय. थांब.” नवव्या ओळीत एक कंस उघडून मिटायचा राहिला होता. वीस वर्षं मुलांचे अर्धे मार्क कापलेल्या नजरेला तो लगेच दिसला. त्यांनी तो मिटला आणि पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली.

काल काय केलं होतंस?

नीरजाताईंनी उत्तर टाइप केलं. पिठलं.

मग आज शेपू कर. आणि ‘काहीही कर’ असं मी म्हणालेलो नाही, याची नोंद घ्यावी.

त्या घरात रोज संध्याकाळी एक संवाद होत असे. उद्या भाजी काय करू? काहीही कर. आणि दुसऱ्या दिवशी ताटाकडे बघून, हे केलंस होय. तो मी टिकलीआडून अनेकदा ऐकला होता. त्यावर हेडक्लार्कांनी हा तोडगा काढला होता, एकतीस कोर्सेस करून.

ओवी हसली, मग तिने नाक पुसलं. नीरजाताईंनी पुन्हा चालवलं. गवार. पुन्हा. शेपू. पुन्हा. पडवळ. पुन्हा. शेपू.

“बिघडलंय काहीतरी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांना शेपूचा वास सहन व्हायचा नाही. ते दौऱ्यावर गेले की मी माझ्यापुरता करायचे. यादीत चुकून चार वेळा पडलाय, मी खुणा केल्यात बघ.”

ओवीने वही घेतली. लाल गोल बघितले. पडद्यावरची यादी बघितली.

“आई, ही चूक नाही. कॉम्प्युटर डोळे मिटून चिठ्ठी उचलतो, असं समज. बाकी सगळ्यांची एकेक चिठ्ठी आहे. शेपूच्या चार टाकल्यात. त्याशिवाय तो सारखा आला नसता.”

नीरजाताईंनी वही आपल्याकडे ओढली आणि प्रत्येक लाल गोलाशेजारी बरोबरची खूण केली. तीन गोल, तीन खुणा. मग पिशवी घेऊन चपला घातल्या.

“कुठे निघालीस?”

“भाजीला. शेपू सकाळीच चांगला मिळतो.”

‘भाजी’ नव्या लॅपटॉपवर गेली. जुना पुसून शाळेत गेला. जायच्या आधी ताईंनी कॅमेऱ्यावरची टिकली नखाने अलगद सोडवून नव्यावर लावली. ओवी म्हणाली, “अगं, याला झाकण आहे.” त्या म्हणाल्या, “असू दे.”

आता माझी हकिगत. मॅडमनी माझ्यात एक ओळ वाढवली आहे. घरच्या सवयीने फाइलच्या वर काही लिहिलं असेल तर त्याच्याआधी # टाका, पुसू नका. ती ओळ कुणामुळे आली, हे माझ्याशिवाय तिघीच जाणतात.

धायरीच्या घरात मी आता नाही. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नीरजाताईंनी मला बंद केलं आणि दुसरा धडा उघडला. पुढच्या भावंडांकडून निरोप येतात. बाई सहाव्यापर्यंत पोचल्यात, वहीत रेघा मारतात, आणि उत्तर चुकलं तर धड्यालाच खडसावतात.

तेव्हा माझी एकच विनंती. माझ्याकडे या, जरूर या, फुकटच आहे. पण ‘परत बघू’ म्हणून मला वर्षानुवर्षं उघडा ठेवू नका. अडलात तर खाली विचारा, मॅडम उत्तर देतात. आणि काम झालं की मला बंद करा. मला वाईट वाटणार नाही. बारावा कधीचा वाट बघतोय.