दामिनीची सायकल आणि जवसाचे तेल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, अंगाने जड आणि रंगाने काळपट. ब्रह्मपुरीच्या दुकानात माझ्या शेजारी बारीक टायरांच्या चकचकीत सायकली उभ्या असत. गिऱ्हाईक त्यांना हात लावून पाही आणि माझ्यावर पिशवी टेकवी.

सावली गावची दामिनी मात्र माझ्यापाशीच थांबली. कॉलेजच्या मुलींबरोबर तिला सायकलने थेट कन्याकुमारी गाठायची होती. सामान लादायचे तर सांगाडा पोलादी हवा, कॅरिअर भक्कम हवे, हे ती शिकून आली होती. दुकानदाराने माझ्यासाठी बारीक टायर पुढे केले.

"हे जोरात पळतेत," तो म्हणाला.

"पळाचं नाई भाऊ, पोचाचं हाये."

तिने मध्यम रुंदीचे, दणकट टायर निवडले. मला तिचे फार कौतुक वाटले.

तिचे वडील डोमाभाऊ नदीत मासे धरतात. त्यांच्याकडे डोंगा पाण्यात घालण्याआधी त्याच्या लाकडाला जवसाचे तेल पाजतात. लेक दूर निघणार, म्हणून दामिनी मला घरी ठेवून परीक्षेला ब्रह्मपुरीत होती तोवर ते रोज संध्याकाळी तेच तेल माझ्या टायरांना चोळत राहिले. मित्रांनो, तेल लाकडाला जगवते, पण रबराला खाते. माझे टायर मऊ पडत चालले होते आणि त्या मायेच्या हाताखाली मी मुकाट उभी होते. निघताना टायर चमकले, तेव्हा दामिनीला वाटले, बाबांनी धुतले असतील.

चामोर्शी मागे पडली आणि आष्टीच्या अलीकडे मागचा टायर फुगून बाजूने फाटला. त्या मापाचा टायर कुठेच मिळेना.

"तुम्ही व्हा समोर," दामिनी मैत्रिणींना म्हणाली. मला जीपच्या टपावर बांधून ती माघारी आली.

अंगणात डोमाभाऊंनी टायर चाचपला. "मी तं रोज जवसाचं तेल लावलो. मंग फुटला काऊन, माय?"

दामिनीने त्यांच्या तेलकट बोटांकडे पाहिले. तिला सगळे कळले.

"रस्त्यावर काच होता, बाबा."

पुढच्या वर्षी पुन्हा निघायचे म्हणून आता नवे टायर आले आहेत. डोमाभाऊ परत तेलाची वाटी घेऊन बसतात, तिच्या यशासाठी दुप्पट चोळतात. दामिनी दारातून पाहते आणि आत निघून जाते.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायची तर त्याला काय सोसते, हे आधी विचारा. आणि कधी सावलीला आलात, तर तेल रबराला खाते, एवढे डोमाभाऊंना हळूच सांगा. आम्हा दोघींच्याने ते होत नाही.