व्हॅन येईपर्यंत

आतून "आभारी आहे, साहेब" असं ऐकू आलं आणि लमाँट पेटवे खुर्चीतून ताडकन उठला.

टेंडरलॉइन या बेघरांच्या वस्तीतल्या फुटपाथवरच्या सार्वजनिक संडासाचा तो राखणदार. त्याआधी त्याने एका संग्रहालयात पहारा केला होता. तिथेही काम हेच होतं, आतल्या वस्तूला काही होऊ द्यायचं नाही. फरक इतकाच की तिथल्या वस्तू शिव्या देत नसत. इथे शिवी हाच जिवंतपणाचा दाखला होता. आत जाऊन अफूच्या जातीचं जहाल फेंटानिल ओढणाऱ्याचा श्वास बसल्याजागी थांबू शकतो, म्हणून लमाँट थोड्या थोड्या वेळाने दार वाजवी. पण "ठीक आहेस ना?" असं तो चुकूनही विचारत नसे. 'हो' हा शब्द तोंड मालकाला न विचारताही बोलून टाकतं, असा त्याचा अनुभव. तो ओरडे, "कबुतरंसुद्धा लवकर उरकतात रे!" आतून त्याच्या आईवरून, आजीवरून आणि माहीत नसलेल्या पणजीवरून उत्तर आलं की तो समाधानाने खुर्चीत टेके. जितकी लांब शिवी, तितका भरलेला श्वास.

आणि आत्ता आत होता गॉर्डी स्ट्रँड, अख्ख्या रस्त्यात सगळ्यात घाण तोंडाचा माणूस. त्याने एकदा टपालपेटीशी भांडण काढून ते जिंकलं होतं, असं लोक सांगत. तो 'साहेब' म्हणतोय म्हणजे मेंदूपर्यंत हवा पोचत नव्हती, दुसरं काय?

"गॉर्डी! पुन्हा बोल!"

"एक मिनिट द्याल का, प्लीज?"

'प्लीज' ऐकल्यावर लमाँटने किल्ली फिरवली. गॉर्डी आरशासमोर वाकला होता. चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले. लमाँटने मागून त्याची मान पकडली, नाकपुडीत औषधाचा फवारा घुसवला आणि दाबला.

मग त्याला दिसलं की पांढरा होता तो साबणाचा फेस.

"म्हाताऱ्या," गॉर्डी नाक पुसत म्हणाला, "मी दाढी करत होतो."

"तू प्लीज म्हणालास!"

"सराव करत होतो. व्यसनमुक्तीवाल्यांची व्हॅन येतेय मला न्यायला. बेड मिळालाय. तिथे माणसांशी नीट बोलावं लागेल ना."

लमाँट मटकन कमोडवर बसला. तो फवारा थांबलेला श्वास परत आणतो, कारण तो अंगातल्या नशेला एका झटक्यात हुसकून लावतो. गॉर्डीने सकाळी अगदी थोडंसं ओढलं होतं, व्हॅन येईपर्यंत अंग धरून राहावं एवढंच. तेवढंही आता गेलं. नशा तुटल्याचा जो त्रास संध्याकाळपर्यंत हळूहळू चढायचा, तो सगळा एकदम दारात येऊन उभा राहणार होता. आणि व्हॅन आली तेव्हा माणूस कोपऱ्यावर नसला, तर बेड पुढच्याला.

"किती घेतलं होतंस?"

गॉर्डी उत्तर द्यायला वळला आणि लमाँटच्या बुटांवर ओकला.

फुटपाथवर येईपर्यंत तो घामाने निथळत होता आणि थंडीने कुडकुडतही होता. शेजारच्या तंबूतून ट्वायला बाहेर आली. तिच्याकडे भिंतीवरचं घड्याळ होतं, भिंत नव्हती.

"काय केलंस रे याला?"

"वाचवलं," लमाँट म्हणाला.

"कशापासून?"

लमाँट आपले बूट पुसू लागला. ट्वायलाने आपली रजई आणून गॉर्डीभोवती गुंडाळली, पुढे बादली ठेवली.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा माल विकणारा आला. त्या माणसाने आजवर कुणाला काडेपेटीतली काडीही फुकट दिली नव्हती. त्याने गॉर्डीपुढे पुडी धरली. "घे. पैसे नकोत. बघवत नाही मला."

पुडी गॉर्डीच्या नाकासमोर होती. लमाँटने ती ढकलून द्यायला हात उचलला आणि हात तिथेच राहिला. कोणत्या तोंडाने ढकलायची? हे दुखणं त्यानेच लावलं होतं. घेऊ दे बिचाऱ्याला, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

गॉर्डीने पुडीकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसला.

माल विकणारा आपल्याच पुडीकडे पाहू लागला, जणू तिच्यातच काही खोट निघाली असावी.

"शिव्या दे मला," लमाँट खाली बसत म्हणाला. "हव्या तेवढ्या दे. मोकळं वाटेल."

"नंतर." गॉर्डीचे दात वाजत होते. "आत्ता तोंड उघडलं तर 'दे' म्हणेन."

आणि त्याने ओठ मिटले.

पाय मोकळे, माल समोर, तोही फुकट, आणि माणूस बसून आहे! असं त्या रस्त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिथे नशेत उभ्या उभ्या कमरेतून वाकून डुलणारी माणसं असतात, बोटं जमिनीला टेकतात पण पडत मात्र नाहीत. त्यांतला एक जण मान वर करून पाहू लागला. मग दुसरा. ट्वायला गॉर्डीची पाठ चोळत होती, ती चोळायची थांबली आणि तिने हात नुसता त्याच्या पाठीवर ठेवला. लमाँटने संग्रहालयात फार जुन्या, फार महागड्या मूर्ती राखल्या होत्या. एकीसमोरही त्याला टोपी काढावीशी वाटली नव्हती. आत्ता ती त्याच्या हातात होती, कधी काढली ते कळलंच नाही.

व्हॅन आली. चालवणाऱ्या बाईने काच खाली केली. "स्ट्रँड कोण?"

गॉर्डी उठला. अर्ध्या गालावर दाढी, शर्टावर ओकारी. लमाँट आधार द्यायला पुढे झाला, पण गॉर्डीने मान हलवली. तो भिंत धरून निघाला. भिंत संपल्यावर तंबू धरून, आणि तंबूही संपल्यावर काहीच न धरता. कुणीतरी वाटेतली ढकलगाडी बाजूला ओढली.

तो सीटवर बसला. पट्टा ओढला. टोकाला खाच सापडेना. बाईने मदतीला हात पुढे केला, तेव्हाही त्याने मान हलवली. पुन्हा लावून पाहिला. पुन्हा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बाई ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिली.

मग खट् असा आवाज झाला. एवढासाच, पण हॉर्नच्या गलक्यातही तो फुटपाथवरच्या सगळ्यांना ऐकू आला.