कॅसेटमधला गळा

करिष्माची हळद आठवड्यावर आली होती आणि तिला टेन्शन एकाच गोष्टीचं होतं. हॉलचं नाही, मेकअपवालीचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. आजाचं.

"ते गाणं लागलं की आजा उठून जातो," ती म्हणाली. "माझ्या हळदीतनं गेला ना, तर मी पन पाटावरनं उठेन. आताच सांगून ठेवते."

"मग लावत नाय," प्रितेश म्हणाला.

"लावत नाय म्हणे. लोकं तुला सोडतील? मिक्सर उचलून खाडीत टाकतील."

ते खरं होतं. प्रितेश तिचा चुलत भाऊ, काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पार्सल स्कॅन करायचा आणि लग्नसराईत डीजे लावायचा. 'होरी हालं ना' लावल्याशिवाय भिवंडीतली एकही आगरी हळद संपलेली त्याने पाहिली नव्हती. फास्ट गाण्यांवर पोरं नाचून नाचून घामाघूम झाली की कुणीतरी ओरडायचं, "कालूराम लाव." मग ते जड, सावकाश गिटार सुरू व्हायचं आणि खुर्च्यांवर बसलेले म्हातारे गुडघे धरत उठायचे. हात वर करून, डोळे मिटून नाचायचे.

भरती आली गो, होरी हालं ना,
भरती आली गो, होरी हालं ना,
पानी बोलवतंय, पाय चालं ना.

एवढंच. होडी रेतीत रुतली आहे, भरती आली तरी हलत नाही. पण ज्या गळ्यातून ते यायचं तो गळा म्हणजे विहिरीच्या तळातून कुणीतरी हाक मारतंय असा. भारी. कॅसेटवर छापलं होतं 'काळूराम आणि पार्टी', आणि तो काळूराम म्हणजे ह्या दोघांचा आजा.

आता गंमत अशी, की ते आजानेच गायलं यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. आजाचा आवाज बारीक. तरुणपणी तर अजून बारीक होता म्हणे. लोक म्हणायचे, मुंबईचा कुठलातरी गायक आणला, पैसे चारले आणि नाव स्वतःचं छापलं. प्रितेशने एकदा बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, "जेव गप." विषय संपला.

पण प्रितेशच्या डोक्यातून तो कधी गेला नाही. व्हिडिओ बघून बघून तो गिटार शिकला होता, क्लास नाही, मास्तर नाही. शिकता शिकता त्याला ब्लूज नावाची भानगड कळली. अमेरिकेतली काळी माणसं शेतात, रेल्वेच्या कामावर गायची ते. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरी वेगळी. मध्ये गिटार उत्तर देणार. हे कळलं त्या दिवशी तो बाईक चालवता चालवता हसायला लागला होता. अरे, हे तर 'होरी हालं ना'. भिवंडीत, तेही आजोबाच्या नावावर, ब्लूज रॉक कुठून आलं? कुणीतरी गाणं नेटवर टाकलं होतं, खाली पुण्याची, बेंगलोरची पोरं लिहायची, कोण आहे हा माणूस, कसला आवाज आहे. प्रितेश ते वाचायचा आणि उत्तर न देता फोन खाली ठेवायचा. काय लिहिणार? माझा आजा आहे, पण बहुतेक नाही?

आणि अजून एक. ते गाणं गिटारवर बसायचंच नाही. कुठलीही पट्टी धरा, एक तर वर नाहीतर खाली. तारा ढिल्या करून करून जुळवावं लागायचं.

"गिटार कोणी वाजवलेलं?" त्याने करिष्माला विचारलं.

"नारपोलीचा हिरामण. आजा त्याचं नाव काढू देत नाय."

"मग त्यालाच विचारतो."

"विचार. पण आजाला कळलं तर मी तुला ओळखत नाय."

* * *

हिरामणकाका लूमच्या शेडवर माडी बांधून राहत होता. रविवारची दुपार, खाली लूम धडधडत होते, कपात चहा हलत होता. डोक्यावर केस नाहीत, बोटं मात्र लांब आणि बेचैन. काळूरामचा नातू म्हटल्यावर त्याने आधी प्रितेशला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"जिवंत हाय?"

"आहे. गोडाऊनला जागा दिलीय, दिवसभर ट्रकवाल्यांना रिव्हर्स सांगत बसतो."

"तेच जमायचं त्याला. बोंब मारणं." पण बोलता बोलता हसला. "काय पाहिजे तुला?"

"ब्लूज कुठून आणला ते सांगा."

"ब्लूज न फ्लूज मला नाही माहीत. मी ऑर्केस्ट्रात होतो. चोरबाजारातून एक कॅसेट आणली, कव्हर नव्हतं तिला. कोणतरी बाबा रडतोय, मध्ये गिटार रडतंय. आणि एकच ओळ दोनदा म्हणतोय. मी म्हटलं, च्यायला, हे तर आमच्या हळदीत लग्नाचे धवले गाणारी धवलारीण करते. ती एक ओळ टाकते, बायका तीच उचलतात. मी काळूरामला म्हटलं, तू धवला म्हण, मी हा बाबा वाजवतो. लोखंडी नळीचा तुकडा बोटात घातला न तारेवरनं घसरवला. झालं."

"रेकॉर्डिंग?"

"इथंच, खाली. शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद, आवाज नाही. म्हणजे नसायला पाहिजे होता. बाजूच्या शेडमध्ये एकाने ऑर्डर होती म्हणून एक लूम चालू ठेवला. ऐक, गाण्यात पण हाय."

प्रितेशने फोनवर गाणं लावलं. गिटारच्या मागे बारीक खटक-खटक होतंच. त्याला कायम वाटायचं, कुणीतरी लाकडावर ठेका धरलाय.

त्याने ते ऐकलं. मग खाली चाललेल्या लूमचा ठेका ऐकला. परत फोन कानाला लावला.

"काका, तुमच्या वेळचे लूम हळू चालायचे?"

"लूम तेच हाय. खाली जाऊन बघ, माझ्यापेक्षा म्हातारं हाय."

"मग हा गाण्यातला हळू कसा?"

हिरामणने फोन हातातून घेतला. नारपोलीत जन्मलेल्या माणसाला लूमचा वेग शिकवावा लागत नाही, झोपेतही तो थांबला तर जाग येते. त्याने डोळे मिटले. पाय आपोआप खालच्या लूमच्या तालावर हलत होता आणि कानाला फोनमधला. दोन्ही जुळत नव्हते. पाय थांबला.

"आयला," तो म्हणाला.

"तुम्ही कुठल्या पट्टीत वाजवलेलं?"

"ए पट्टीत. काळूराम त्याच्या खाली उतरायचाच नाही. उतरला की गळा बसायचा."

"गाणं ए मध्ये नाय. लय खाली आहे. माझ्याकडे एक ऍप आहे, गिटार शिकताना गाणं हळू करायला. ते फास्ट पण करतं, पट्टी पण सोबत चढते." प्रितेशने गाणं थोडं चढवलं. अजून थोडं. खालच्या लूमची खटक आणि फोनमधली खटक एकमेकांवर येईपर्यंत चढवत राहिला. मग फोन चटईवर ठेवला.

गिटार चपळ, हलकं झालं होतं. आणि गाणारा एक पोरगा होता. बारीक, नाकातला, घाई झालेला आवाज.

"हाच," हिरामण म्हणाला. "हाच काळूराम."

मग त्यालाच एकेक आठवत गेलं. कॅसेटच्या कॉप्या गल्लीतल्या एका दुकानात काढल्या होत्या, रोज संध्याकाळी. संध्याकाळी सगळे लूम एकदम चालू, व्होल्टेज एवढं पडायचं की बल्ब पिवळा व्हायचा. दुकानदाराकडे दोन मशीन. ज्याच्यावर कॉपी उतरायची ते नवं, महागाचं, म्हणून एकुलता एक स्टॅबिलायझर त्याला. ज्याच्यावर मूळ कॅसेट वाजायची ते जुनं खटारं, ते सरळ लाइनवर. मूळ कॅसेट दुकानातच राहिली, ह्यांनी ऐकली ती कॉपीच.

"म्हणजे वाजणारं मशीन रडत, हळू चालायचं," प्रितेश म्हणाला, "आणि उतरवणारं नीट."

"आणि आपला काळूराम रेड्यासारखा."

दोघं हसले. मग हिरामणचं हसू गेलं.

"दिघाशीला प्रोग्राम होता. कॅसेट गाजलेली, मैदान भरलेलं. काळूरामने तोंड उघडलं न हा असला बारीक आवाज. लोकं म्हणाली हा न्हवं, खऱ्याला आना. चपला आल्या. त्याला वाटलं मीच मागून दुसरा गायक आणून त्याच्या गाण्यावर चढवला. मी म्हटलं, बाबा, रेकॉर्डिंगमध्ये आवाज बदलतो. तो म्हणाला, इतका? तेव्हापासून बंद."

"त्याला स्वतःला पण वाटतं की तो नाय?"

"त्याला तर जास्तच वाटतं."

प्रितेशला एकदम कळलं, आजा हळदीतून का उठतो. लाज वाटून नाही. आपल्या गाण्यात दुसराच माणूस बसलाय, त्याच्यासमोर कशाला बसायचं, म्हणून.

* * *

आजा गोडाऊनच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत होता. एक कंटेनर मागे येत होता.

"आन दे, आन दे, बस. बस बोल्लो ना. कान गावाला ठेवलेस काय?"

कंटेनर लागला. प्रितेश शेजारी उकिडवा बसला आणि काही न सांगता त्याने चढवलेलं गाणं लावलं. सांगायला सुरुवात केली असती तर आजाने उठवलं असतं.

पहिल्या ओळीला आजाची मान वळली. दुसऱ्या ओळीला त्याने फोनकडे असं बघितलं, जसं कुणी मेलेलं माणूस दारात उभं आहे.

"यो कुठं गावला तुला?"

प्रितेशने सगळं सांगितलं. लूम, व्होल्टेज, स्टॅबिलायझर. शेवटी आजा म्हणाला, "परत लाव."

परत लावलं.

"हिरामणला म्हाईत व्हतं?"

"नाय. त्याला पन आजच कळलं."

"आनि त्यो दुसरा?"

"दुसरा कोणच नाय, आजा. तो तूच आहेस. हळू केलेला."

आजा ट्रकच्या चाकांकडे बघत राहिला. "मी त्याला शोधत व्हतो," तो म्हणाला. "ठान्याला, पनवेलला, जिथं ऑर्केस्ट्रा तिथं जाऊन मागं हुभा ऱ्हायचो. तुझी आजी बोलायची, बाई ठेवलीय यानं. गावला असता तर मारनार न्हवतो. विचारनार व्हतो, बाबा, माझं गानं माझ्यापरीस बरं कसं काय गातोस."

दुसरा कंटेनर हॉर्न देत होता. आजाने तिकडे बघितलंही नाही.

"करिष्माच्या हळदीत बसशील?" प्रितेशने विचारलं.

"बघू."

"तिचा जीव टांगणीला लागलाय रे."

"बघू बोल्लो ना." मग खुर्चीतून उठता उठता, "हिरामणला सांग, जेवायला ये. गिटार नको आनू म्हनावं."

* * *

हळदीला मांडव गच्च भरला. करिष्मा पाटावर, गाल पिवळे, नजर सारखी आजाकडे. आजा पहिल्या रांगेत, शेजारी हिरामण. दोघं आल्यापासून एकमेकांशी फक्त मटणावर बोलले होते.

पोरं नाचून दमली. "कालूराम लाव," कुणीतरी ओरडलं.

प्रितेशने आजाकडे बघितलं. आजाने मान हलवली आणि बोट वर केलं, चढवलेलं लाव. त्याने लावलं. बारीक, नाकातला पोरगा मांडवभर गायला लागला.

दोन ओळी कशाबशा गेल्या. "ए डीजे, यो काय उंदीर लावलास?" "मेमरी कार्ड बदल." "ओरिजनल लाव रे." कुणीतरी शिट्ट्या मारल्या. करिष्मा अर्धी उठली, मांडीवरचा नारळ घरंगळला. प्रितेशला वाटलं, संपलं. दिघाशी परत झाली, आणि ह्या वेळी ती आपण केली.

आजा मात्र हसत होता. पोट हलेपर्यंत. "तवा पन आसंच वरडलेली," तो हिरामणला म्हणाला. "ह्यांचा बापूस न आजा व्हतं."

"तुझा गळा पण तसाच होता," हिरामण म्हणाला. "आता बघ केवढा उतरलाय. टायर पंक्चर झाल्यासारखा."

आजाने स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. प्रितेशने घाईघाईत ओरिजनल लावलं. जड गिटार, मागे सुस्त लूम. मांडव सुटल्यासारखा हलायला लागला. आजा उठला, आणि करिष्माने डोळेच मिटले.

पण तो बाहेर गेला नाही. डीजेच्या टेबलाजवळ आला, कॉर्डलेस माइक उचलला, फुंकून बघितला. पहिली ओळ कॅसेटने म्हटली. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा त्यात अजून एक गळा मिसळला. खरखरीत, म्हातारा, सिगारेटने भाजलेला, आणि नेमका त्याच ठिकाणी. ए मध्ये नाही. त्याच्या खाली, त्या मधल्या जागेवर, जिथे प्रितेशला तारा ढिल्या कराव्या लागायच्या.

प्रितेश गाण्याचं बटण हळूहळू खाली ओढायला लागला. कॅसेट विरत गेली, आजा राहिला. बायकांनी ओळ उचलली, म्हातारे डोळे मिटून नाचत राहिले. एकानेही मान वळवून माइक कुणाच्या हातात आहे ते बघितलं नाही. बघितलं फक्त करिष्माने. तिचे गाल हळदीने भरलेले होते, त्यावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

मागच्या रांगेतून आवाज आला, "ए डीजे, गानं बारीक झालं, वाढव ना."

प्रितेशने आजाचा माइक वाढवला.