यादीतलं शेवटचं नाव

आमची मुलगी रांगत होती तेव्हा माझा नवरा हालवार आमच्या बेटांच्या पालिकेचा अध्यक्ष झाला. फेरीबोट उशिरा आली, शाळेचं छप्पर गळलं, किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला, की फोन आमच्याकडे. पुढे तो राजधानीला संसदेत गेला. तिथे पक्षाप्रमाणे नाही, जिल्ह्याप्रमाणे बसवतात. म्हणून त्याच्या शेजारी कायम विरोधी पक्षाचा माणूस. "घोरतो, पण भला आहे," हालवार फोनवर सांगायचा. इथे मी एकटी दारातला बर्फ उपसायची.

परतला तेव्हा गुडघे गेलेले. म्हटलं, उरलाय तेवढा तरी माझा.

या उन्हाळ्यात पक्षाची नवी पुढारी सुन्निवा आली. माझे वाफल खात म्हणाली, "हालवार, पालिकेच्या निवडणुकीत आपल्या उमेदवारांच्या यादीत शेवटचं नाव तुमचं हवं. मानाची जागा. निवडून यायची भीती नाही."

"भीती हिला आहे," हालवारने माझ्याकडे बोट केलं.

"देऊ नकोस नाव. खुंटीवरचा कोट पुन्हा अंगात घालतील ही माणसं."

"अगं, शेवटचं नाव म्हणजे लग्नातला म्हातारा मामा. फोटोत असतो, कामाला नसतो." आणि दिलं त्याने नाव.

आमच्याकडे मतपत्रिकेवर आवडत्या नावापुढे खूण केली की त्या माणसाला जादा मत मिळतं. मतदान करून मी दुकानात गेले तर गल्ल्यावरची योरुन कानाशी लागली, "मी हालवारपुढे खूण केली हं. म्हाताऱ्याला एकही नाही मिळालं तर बरं दिसेल का?" बेकरीवाल्याने तेच सांगितलं. पाद्रीबुवांनीही. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानेच दया केली.

हालवारला सुन्निवापेक्षा जास्त मतं पडली.

"सुटकेचा अर्ज कर," मी म्हटलं. निवडून आलेल्याला आमच्याकडे काम करावंच लागतं. तब्येतीसाठी सोडायचं की नाही ते पालिकेची सभा ठरवते.

त्याने कप खाली ठेवला. "येर्मुन आठवतो? पाठ मोडलेला मासेमार. त्याने सुटका मागितली होती. मी उभा राहून भाषण ठोकलं, लोकांनी दिलेलं काम ओझं नसतं म्हणून. अर्ज नामंजूर. बिचारा भिंतीला टेकून सभा ऐकायचा."

"तो वारला रे."

"त्याची बायको आहे ना. रोज समोरून जाते."

"मग मी करते अर्ज."

"बायकोचा चालत नाही. तसले कितीतरी मीच परत पाठवलेत."

पहिल्या सभेच्या दिवशी मी त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेले. दोन्ही हातांनी कठडा धरून तो बोटीत चढला. आतून सुन्निवा ओरडली, "या या, हालवार! शाळा बंद करायच्या समितीवर तुम्हालाच घेतलंय. तुमचं लोक ऐकतील!"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. घरी येऊन एका माणसापुरते बटाटे उकडायला ठेवले.