गोळी स्वस्त झाली

माझ्या नवऱ्याला, मिथुनला, रक्ताचा कॅन्सर आहे. रोज एक गोळी घेतली की तो राइस मिलवर पोती उचलतो, पोरीला सायकलवर बसवून शाळेत सोडतो आणि माझ्याशी भांडतोसुद्धा. गोळी चुकली की आजार डोकं वर काढतो. ही गोळी एकच कंपनी बनवायची. तिची किंमत पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्ही हसलोच होतो. रडायला तरी किंमत आवाक्यातली असावी लागते. पण त्याच कंपनीची गरिबांसाठी योजना होती. दर महिन्याला गोंडपिपरीहून बसने चंद्रपूरला जायचं, सही करायची आणि डबी फुकट घेऊन यायची.

मग बातमी आली. कंपनीचं पेटंट संपलं, आता कोणीही ती गोळी बनवू शकतं, भाव एकदम खाली येणार. माझे सासरे श्रीहरी, मी त्यांना मामाजी म्हणते, मोबाइल दाखवत गावभर फिरले. विहारात त्यांनी बुंदी वाटली.

"माह्या पोराची दवाई सस्ती झाली!"

लोकांनी मिथुनचे हात हातात घेतले. जे आपल्याला फुकट मिळतं ते स्वस्त झालं तर आपलं काय भलं होणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आनंदाची सवय नसली की माणूस कशानेही हुरळून जातो. मी दोनदा बुंदी खाल्ली.

पुढच्या खेपेला मिथुन, मी आणि मामाजी चंद्रपूरला गेलो. योजनेच्या खिडकीत नेहमीच्या रीता मॅडम होत्या. त्यांनी डबी काढली नाही.

"योजना बंद झाली, भाऊ. बाजारात सस्ती गोळी आली ना. कंपनी म्हणते, आता तेच घ्या."

"केवढ्याले?" मिथुनने विचारलं.

त्यांनी सांगितलं. पूर्वीच्या मानाने ते काहीच नव्हतं. पण आम्हा दोघांची मजुरी ओतली तरी महिन्याची डबी येत नव्हती, आणि घरात पोर जेवते. सरकारी कार्डावर ही गोळी मिळत नाही, तेही मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं. मला त्यांचा संताप आला. मग त्यांचे डोळे भरलेले दिसले, आणि तो संताप कुठे न्यावा तेच कळेना.

"मी एक दिवस आड खातो," मिथुन म्हणाला.

"तसं केलं तर गोळी लागूच पडत नाई, भाऊ. आजार वाढते."

मिथुन आपल्या पायांकडे बघत राहिला.

मामाजी पुढे झाले, खिडकीचे गज धरून खाली वाकले आणि उपकार मागावा तशा हळू आवाजात म्हणाले,

"बाई, हे गोळी पुन्हा महाग कधी होईन?"

मॅडमनी तोंड फिरवलं. मिथुनने बापाचा हात गजावरून सोडवला आणि आम्ही बस स्टँडकडे निघालो. डबीतली शेवटची गोळी त्याने सकाळीच खाल्ली होती.