उजवीकडचा खिसा

मध्यंतरापर्यंत भैयाजी दोनदा हसले होते, आणि त्यातलं एकदा शेजारच्याचे पॉपकॉर्न सांडले म्हणून. अपेक्षा मोजत होती. नाताळच्या दुपारी बेसाहून घरची तेरा माणसं या विनोदी सिनेमाला आणायची कल्पना तिचीच होती.

कारणही तसंच होतं. मार्चमध्ये सिनेमावाले उमरेडला, त्यांच्या मूळ गावी, आले होते. गोष्टीत सांताक्लॉजचा लाल झगा फाटतो आणि एक विणकर एका रात्रीत नवं कापड विणून देतो. हिरोला माग चालवता येईना, म्हणून जवळून दाखवायला हात घेतले अपेक्षाच्या बाबांचे, रुपरावांचे. रुपरावांनी माग सोडून अकरा वर्षं झाली. आता ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंग बघतात. तरी तीन दिवस सुट्टी टाकून, हिरोचा शर्ट घालून ते मागावर बसले. तेव्हापासून घरात त्यांचा आवाज जरा मोठा झाला होता.

"एका रात्रीत सात वार," भैयाजी म्हणाले. ते रुपरावांचे थोरले भाऊ. धाकट्याला विणायला त्यांनीच शिकवलं होतं. "तानीचे उभे धागे लावालेच दोन दिवस लागते गा."

"मोठे बाबा, हरीण उडते ते चालते तुम्हाले?" अपेक्षा म्हणाली.

"हरणाचं मले मालूम नाही. मागाचं मालूम आहे."

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. सहा सेकंद. डाव्या हातानं दोरी ओढली, आडवा धागा नेणारा धोटा सटकन पलीकडे गेला, आणि डाव्या अंगठ्याखाली आकडीसारखा जुना व्रण दिसला. पण रुपराव दोरी उजव्या हातानं ओढत, आणि धोट्याचं टोक लागून झालेला व्रणही त्यांच्या उजव्या हातावर होता. अपेक्षानं वळून पाहिलं. बाबांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला होता.

उरलेला सिनेमा दाढी पडण्याच्या विनोदांवर कसाबसा संपला. शेवटची नावं सगळ्यांनी उभं राहून वाचली. रुपरावांचं नाव नव्हतं.

"हात तुहे नाही, रुपराव," बाहेर आल्यावर भैयाजी म्हणाले. "डावखुरा कारागीर होता तो."

"हो दादा. मलेही दिसलं. माह्यं काम पटलं नसन, दुसरा आणला असन."

"आणि व्रण?" अपेक्षानं विचारलं.

"धोटा कोणाले सोडते वं?" भैयाजी म्हणाले. "निम्म्या उमरेडच्या हाताले व्रण आहे."

अपेक्षानं रसायनशास्त्रात एमएस्सी केली होती. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले रेणू तिनं दोन वर्षं कागदावर काढले होते. डावं-उजवं बदललं की ती आधी दुसरा पुरावा शोधायची, आणि या वेळी तो तिला थिएटरातच सापडला होता.

"बाबा, शर्टाचा खिसा कोणत्या बाजूले असते?"

"डाव्या."

"त्या सहा सेकंदांत उजवीकडे होता. हिरो डावखुरा आहे, पूर्ण पिक्चरभर डाव्या हातानं जेवून राहिला. त्याच्याशी जुळवाले तुमचं चित्र आरशासारखं उलटं केलं. हात द्या इकडे."

तिनं मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि बाबांचा उजवा हात समोर धरला. स्क्रीनवर डावा हात दिसत होता, अंगठ्याखाली आकडीसकट. रुपरावांनी हात पालथा केला, सरळ केला, पुन्हा पालथा केला.

"ते ठीक आहे," भैयाजी म्हणाले. "पण खिसा म्या नाही पाह्यला."

"मी पाह्यला."

"तू पाह्यला असन. पुढचा शो केव्हा आहे?"

"हाच पिक्चर?" अपेक्षाची आई कौसल्या म्हणाली. "भाऊजी, तुम्ही तं घोरून राहिले होते."

"आताही घोरतो. त्या वक्ताले उठवजो मले, अपेक्षा."

बाकीचे घरी गेले. हे चौघं परत आत बसले. भैयाजी शब्दाला जागून झोपले. प्रसंग जवळ आला तसं अपेक्षानं त्यांना हलवलं. ते पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले. दोरी, धोटा, व्रण. खिसा उजवीकडे.

"आहे," ते म्हणाले. "आणि ओढायच्या आधी दोरीले दोनदा हलका झटका देते, पाह्यलं काय? ते मी शिकवलं होतं."

हे अपेक्षाच्या नजरेतून सुटलं होतं.

पुढच्या रांगेतला माणूस वळला. "काका, हळू बोला न."

"भाऊ, ते हात याचे आहेत. माह्या भावाचे."

रुपरावांनी खिशातून हात काढून दाखवला. त्या माणसानं पडद्याच्या उजेडात तो नीट पाहिला.

"पण तो तं डाव्या हातानं विणून राहिला होता."

भैयाजी खुर्चीत सरसावून बसले. "थांब, सांगतो. तुह्या शर्टाचा खिसा कोणत्या बाजूले आहे?"