पुढच्या सीटवर बा

संपतमास्तरने ती मोटार अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण गेले आठ दिवस तो ती मनातल्या मनात चालवत होता. वर्गात मुलं पाढे म्हणायची आणि मास्तर राजूरच्या रस्त्याला लागलेला असायचा. शेजारच्या सीटवर बा, बाचा एक हात खिडकीबाहेर, उपरण्याचं टोक वाऱ्यावर. एवढंच त्याचं स्वप्न, आणि तेवढ्यासाठी जालन्याच्या काकासाहेबांची जुनी मोटार घ्यायला तो निघाला होता.

चालवायला तो शिकला होता, पण गाडीच्या आतलं त्याला काडीचं कळत नव्हतं. एस.टी. डेपोतल्या मेकॅनिकने बजावून सांगितलं होतं, की इंजिन थंड असताना चालू करून बघा, धूर बघा, कागद बघा. मास्तरने मान डोलावली खरी, पण धूर म्हणताच त्याला आपल्या गाडीमागे उडणारी धूळ दिसू लागली. असल्या माणसाने एकट्याने जाऊन काय पारख करायची! म्हणून त्याने बापाला बरोबर घेतलं.

त्याचा बाप भिवा. जालन्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्याने बैल पारखले, सगळे दुसऱ्यांचे. बैल जुंपून बघताना घेणारा धनी गाडीत बसायचा आणि भिवा बाजूने पळत बैलाचे पाय बघायचा. स्वतःच्या दावणीला त्याला कधी बैल जमला नाही. त्याचं भिवाला काही वाटायचं की नाही कोण जाणे, संपतला मात्र फार लागायचं.

काकासाहेबांच्या फाटकाशी मोटार धुऊनपुसून उभी होती. फिकट निळी, वर सकाळचं कोवळं ऊन. संपत बघताक्षणीच विरघळला.

"रात्रीपासून हात लावला न्हाई, मास्तर," काकासाहेब म्हणाले. "तरी बघा, एका झटक्यात चालू व्हते. बिलकुल!"

भिवाने बॉनेटवर तळवा ठेवला. मग लेकाला बाजूला घेतलं.

"गरम हाय. पहाटं फिरवून आणली."

"मग?"

"लंगडा बैल असाच इकत्यात. पहाटं चालवून आणला, की घटकाभर लंगडत न्हाई. ही बी थंड असली की उठायची न्हाई."

संपतचं तोंड एवढंसं झालं. आता परत फिरायचं, असं त्याने गृहीत धरलं. पण भिवा पुढचं दार उघडून आत बसलासुद्धा.

"चल. चालवून तर बघू."

काकासाहेब मागे बसले. जालना मागे पडलं. दोन्हीकडे शाळू डुलत होता, रस्ता जणू कोणी आताच झाडून ठेवलेला, आणि आपण जागे आहोत की वर्गात खुर्चीवर, हेच संपतला कळेना. शेजारी बा होता. बाचा हात खिडकीबाहेर होता. बोटं पसरून तो वारा चाचपत होता, आणि कडेने चाललेल्या बैलगाड्यांकडे ऐटीत बघत होता.

संपतने परत फिरायला गाडी हळू केली.

"आनखी जरा पुढं," भिवा म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. "मास्तर, पेट्रोल जळून राह्यलं माझं!" काकासाहेब मागून कळवळले. थाप मारणाऱ्याचं थोडं जळलं, तर काय बिघडलं? राजूरचं देऊळ दिसलं तेव्हा कुठे भिवाने परत फिरायला मान डोलावली.

येताना संपतने मनाशी ठरवून टाकलं होतं. लंगडी तर लंगडी. रोज सकाळी ढकलीन, पण घेईन. बाचं असं खुललेलं तोंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

फाटकाशी उतरताच काकासाहेबांनी विचारलं, "मंग? ठरलं?"

संपतने हो म्हणायला तोंड उघडलं.

"न्हाई," भिवा म्हणाला. "आमाला न्हाई घ्यायची."

स्टँडच्या वाटेवर संपत वळून वळून मोटारीकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"बा, तुझ्यासाठीच घेत होतो रे मी."

"ठाव हाय मला. म्हनून तर राजूरपर्यंत नेलं तुला." भिवाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझं बसून झालं, संपत. आता तुझ्यासाठी चांगली बघू."